आईचे नाके

"आला का गं तुझा नाका?" नऊ दिवसांच्या रोड ट्रिपमध्ये आईने हा प्रश्न इतक्यांदा विचारला की शेवटी शेवटी आम्हीच तिच्या आधी विचारायला लागलो. बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा पोलिसांच्या, चेकपॉइंटला आई पहिल्या दिवसापासून नाका म्हणते आणि खरं सांगू का, मलाही आता दुसरा शब्द सुचत नाही. चेकपॉइंट म्हटलं की काहीतरी हायफाय वाटतं, प्रत्यक्षात रस्त्यात केशरी शंकू लावलेले, वर छत, खांबांवर कॅमेरे, खाली हिरव्या युनिफॉर्ममधला एक पंचविशीतला पोरगा, बाजूला कुत्रं. नाकाच की.

तर झालं असं की थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आम्ही चौघी सॅन डिएगोहून सॅन अँटोनिओला गाडीने गेलो. सरळ गेलं तर 1,300 मैलांच्या आतबाहेर होतात, पण आम्ही वाटेत दिसेल तिकडे शिरत गेलो त्यामुळे 1,900 च्या आसपास झाले. चौघी म्हणजे मी, ताई, ताईची नऊ वर्षांची लेक आणि काही महिन्यांसाठी इकडे आलेली आई. भावोजी परस्पर विमानाने सॅन अँटोनिओला येणार होते (शहाणा माणूस). या सगळ्या प्रवासात आम्ही एकदाही अमेरिकेच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, टाकायचं नाही हे आधीच ठरलेलं, तरी पण सहा ठिकाणी आम्हाला थांबवून विचारलं की बायांनो तुम्ही कोण. ज्यांनी हा दक्षिणेकडचा पट्टा गाडीने केलेला नाही त्यांना हे पटत नाही. माझ्या ऑफिसमधला एक जण, इथलाच, ओहायोचा, मला म्हणाला की तू चुकून मेक्सिकोच्या लाइनमध्ये लागली असशील. म्हटलं बाबा नाही, हायवेवरच लाइन होती.

आमच्या गाडीची गंमत अशी की चार सीटवर चार वेगवेगळे कागद बसलेले. भाची इथे जन्मलेली, म्हणजे सिटिझन. ताई ग्रीन कार्डवाली. मी एच वन बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. आई बी-टू, म्हणजे टुरिस्ट. एका पोटच्या दोघी, एकीची लेक आणि त्या दोघींची आई, आणि सरकारच्या हिशोबात चार वेगळ्या जाती. घरात बसलेलं असताना हे कधी जाणवतसुद्धा नाही हो. खिडकी खाली करून "एव्हरीबडी यूएस सिटिझन्स?" असं कुणी विचारलं ना की मग जाणवतं, कारण बाकीच्या गाड्यांमधून त्या प्रश्नाचं उत्तर "येस सर" एवढंच येतं आणि आमचं उत्तर म्हणजे एक परिच्छेद.

त्यात माझ्या पासपोर्टातलं स्टॅम्पिंग एक्स्पायर झालेलं. एच वन बी वाल्यांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा हा फक्त देशात शिरण्यासाठी असतो, आत राहायची परवानगी कुठपर्यंत ते आय-94 नावाच्या नोंदीवर असतं. एक्स्टेन्शन झालं की आय-797 चा कागद येतो आणि त्याच्याच खालच्या भागात नवा आय-94 छापलेला असतो. म्हणजे मी पूर्णपणे कायदेशीर, पण माझा पासपोर्ट उघडला की पहिली नजर जाते ती उलटून गेलेल्या तारखेवर. आईला हे समजावताना मी म्हटलं की दाराची किल्ली जुनी झालीय पण घराचं भाडं भरलेलं आहे. आई म्हणाली मग किल्ली बदलून घे की. सोपं असतं तर घेतली असती ना आई.

(आणखी एक घोळ, आय-94 हा कागद आहे, आय-8 आणि आय-10 हे रस्ते आहेत, आणि आय-94 नावाचा रस्तासुद्धा आहे पण तो वर उत्तरेत. ताई फोनवर भावोजींना "आय-94 सापडत नाहीये" म्हणाली तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच मॅप उघडला होता.)

निघायच्या आधी मी भरपूर वाचलं, माझा स्वभावच तो, त्यामुळे थोडं ज्ञान पाजळते. बॉर्डर पेट्रोल 1924 साली सुरू झालं. त्याच्याही आधी, 1904 पासून, एल पासोहून घोड्यावरचे पहारेकरी निघायचे आणि त्यांचं मुख्य काम मेक्सिकन लोकांना नाही तर चिनी लोकांना अडवणं हे होतं, कारण 1882 पासून चिनी मजुरांना देशात यायला बंदी होती. मला हे माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे बॉर्डरपासून 100 मैलांच्या आत गाड्या थांबवून तपासता येतात हा नियम. कायद्यात फक्त "वाजवी अंतर" असं लिहिलंय, त्या वाजवीचे 100 मैल 1953 च्या नियमावलीत झाले. आणि हे मैल रस्त्याचे नाहीत, सरळ रेषेतले, शिवाय समुद्रकिनारा पण बॉर्डरच धरतात. मग न्यूयॉर्क आलं, लॉस एंजेलिस आलं, अख्खा फ्लोरिडा आला. म्हणजे आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक रोज "बॉर्डरवर"च भाजी आणायला जातात म्हणा ना.

तिसरी गोष्ट कोर्टाची. 1976 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे सॅन क्लेमेन्टेच्या नाक्याची केस आली होती, आय-5 वर, बॉर्डरपासून रस्त्याने 66 मैल आत. कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं की ठरलेल्या नाक्यावर, कसलाही संशय नसताना, गाडी थांबवून थोडक्यात नागरिकत्व विचारणं चालतं. गाडीची झडती घ्यायची तर मात्र तुमची संमती हवी किंवा ठोस कारण हवं. आणि 2000 साली इंडियानापोलिसच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की नुसती ड्रग्ज शोधायला असे नाके लावता येणार नाहीत. मग बॉर्डरच्या नाक्यावर ड्रग्ज हुंगणारं कुत्रं कसं चालतं, तर नाका इमिग्रेशनसाठीच आहे, कुत्रं आपलं सोबत आहे. असो. वकील लोकांना असलं सुचतं.

यूट्यूबवर व्हिडिओंचा एक पूर्ण प्रकार आहे, लोक खिडकी दोन बोटं खाली करून "ॲम आय बीइंग डिटेन्ड?" एवढंच विचारत राहतात आणि प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. काही मला आवडलेसुद्धा. पण ते सगळे सिटिझन आहेत. सिटिझनने कागद जवळ बाळगायची सक्ती नाही, आमच्यासारख्या अठरा वर्षांवरच्या परक्या लोकांना मात्र आहे, कायम जवळ, 1952 च्या कायद्यातच आहे ते. तेव्हा वाद घालायची चैन आमच्या गाडीत फक्त एकीला परवडणारी होती आणि ती मागच्या सीटवर बूस्टरवर बसून चित्रं काढत होती.

मी एक झिपची फाइल केली. सगळ्यांचे पासपोर्ट, ताईचं ग्रीन कार्ड, माझा आय-797, आईच्या आय-94 ची प्रिंट (विमानाने येणाऱ्यांना 2013 पासून कागदी मिळत नाही, साइटवरून काढावा लागतो), भाचीच्या जन्मदाखल्याची कॉपी, गाडी भाड्याची होती तिचा करार. रात्री झोपताना मनात उजळणी. ताई म्हणाली तू व्हायव्हाला चाललीयस का.

पहिला नाका युमाच्या पुढे आय-8 वर. त्याच्या आधी वाळूच्या टेकड्यांपाशी बॉर्डरची भिंत हायवेवरून चक्क दिसते, तपकिरी पट्ट्यांची, वाळूवर चढउतार करत जाते, तिथे आमची वटवट बंद झाली. मग पाट्या सुरू. वेग कमी करा, थांबायची तयारी ठेवा, पुढे तपासणी. ताईने गाणी बंद केली, गॉगल काढला, चारही काचा खाली केल्या, मी फाइल मांडीवर उघडून बसले, आईने पदर सावरला. आई ट्रिपभर पंजाबी ड्रेसमध्येच होती, तरी ओढणी सावरण्याला आमच्याकडे पदर सावरणंच म्हणतात. पुढची गाडी गेली, आम्ही पुढे सरकलो, त्या माणसाने एकदा आत वाकून पाहिलं आणि हाताने "जा" केलं. थांबलोसुद्धा नाही नीट. सहा सेकंद.

"झालं?" आई.

झालं. मला इतकं फसल्यासारखं वाटलं की काय सांगू. आठवडाभर तयारी करावी आणि मास्तरांनी पेपरच घेऊ नये. भाचीने वहीत लिहिलं, नाका 1, कुत्रा नाही.

त्याचा परिणाम असा झाला की आम्ही ढिल्या पडलो. टूसॉनहून दुसऱ्या दिवशी आय-19 ने खाली तुमाकाकोरीचं जुनं मिशन, म्हणजे स्पॅनिश काळातलं चर्च, बघायला गेलो. या रस्त्यावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, ऐंशीच्या सुमारास देश मेट्रिक करायचा म्हणून लावल्या आणि तशाच राहिल्या, आईला फार आनंद झाला, म्हणाली एवढा एकच रस्ता शहाण्यासारखा आहे. आणि हा सगळा भाग 1854 पर्यंत मेक्सिकोच होता, अमेरिकेने एक कोटी डॉलरला विकत घेतला. ट्युबॅक गावातली स्पॅनिश छावणी तर 1752 ची. म्हणजे तिथल्या काही घराण्यांनी बॉर्डर कधी ओलांडली नाही, बॉर्डरच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. हे सगळं मी मागे वळून मोठ्या थाटात आईला सांगत होते आणि तेवढ्यात परतीच्या वाटेवर नाका आला, ट्युबॅकच्या थोडा पुढे, मोठ्ठं छत.

इथे विचारलं. ताई शांतपणे म्हणाली, मी परमनंट रेसिडेंट, मुलगी सिटिझन, बहीण एच वन बी, आई व्हिजिटर. तो म्हणाला आईचा पासपोर्ट प्लीज. मी फाइल उघडली. आईचा पासपोर्ट नाही. मी मागे बघितलं तर आईचा चेहरा. काल रात्री हॉटेलात तिने फाइलमधून आपला पासपोर्ट काढून घेतला होता, कारण "तुझ्या त्या फाइलीला नुसती झिप आहे, कुणी पण उघडेल", आणि स्वतःच्या बॅगेत, सगळ्यात तळाशी, स्वेटरच्या आत, रुमालात गुंडाळून ठेवला होता. बॅग डिकीत. सगळ्या बॅगांच्या खाली.

त्याने आम्हाला बाजूला घ्यायला लावलं आणि मी त्याच्या देखरेखीखाली डिकी रिकामी केली. आमच्या आयुष्यातल्या सगळ्या पिशव्या ॲरिझोनाच्या उन्हात डांबरावर मांडल्या, गाड्या शेजारून जातायत, लोक बघतायत, रुमाल उलगडला, पासपोर्ट निघाला. त्या पोराने तो बघितला, परत दिला आणि आईला म्हणाला, मॅम, हा जवळ ठेवत जा. सेफ ठेवू नका, जवळ ठेवा. आई त्यानंतर पूर्ण ट्रिप गळ्यात पाउच घालून हिंडली, रात्री पण. आणि वर मलाच म्हणाली, बघ, मी सांगत होते ना फाइलवर भरवसा नको.

टूम्बस्टोनच्या पुढचा नाका दहा सेकंदांत झाला. तिथे कुत्रं होतं, भाची खूश.

व्हाइट सँड्सला मात्र सांगण्यासारखं आहे. न्यू मेक्सिकोत जिप्समची पांढरीशुभ्र वाळू, 275 चौरस मैल, 2019 च्या डिसेंबरात तिचं नॅशनल पार्क झालं. चारी बाजूंनी लष्कराची मिसाइल रेंज आहे, चाचणी असली की हायवे 70 सरळ बंद ठेवतात. जगातला पहिला अणुबॉम्ब 1945 च्या जुलैत याच भागात, रेंजच्या उत्तर टोकाला फोडला होता. पोरं तिथे प्लॅस्टिकच्या थाळ्यांवर बसून घसरगुंडी करतात. आईपण घसरली, दोनदा, व्हिडिओ आहे, टाकायची परवानगी नाही. पार्कातून लास क्रुसेसकडे निघालं की लगेच नाका. आमच्या कपड्यांतून, बुटांतून, केसांतून पांढरी पावडर गळतेय, आणि समोर ड्रग्जचं कुत्रं. ताई आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि आम्हाला जे हसू फुटलं, थांबेचना. तिथल्या बाईने (पहिल्यांदाच बाई ऑफिसर होती) विचारलं काय झालं, ताईने केसांतून हात फिरवला, वाळू पडली, ती पण हसली. म्हणाली दिवसभर हेच बघते मी. नागरिकत्व विचारलं, आईने गळ्यातून पाउच काढायला सुरुवात केली, तो ओढणीत अडकला, ती बाई म्हणाली राहू दे राहू दे, जा.

आता तो एक नाका. तो कुठला ते मी लिहिणार नाहीये, आधीच्यांपैकी नाही एवढंच सांगते. तिथे कुत्रं आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून गेलं, परत आलं, आणि मागच्या दाराशी थांबलं. आम्हाला सेकंडरीला घ्यायला सांगितलं. सेकंडरी म्हणजे बाजूची जागा, जिथे नीट तपासतात. गाडीतून उतरा, बाकड्यावर बसा, फोन गाडीत ठेवा. कुत्रं आत सोडलं. वारा इतका की आईला उभं राहवेना.

एकाने माझा पासपोर्ट घेतला. पानं उलटली. "मॅम, धिस इज एक्स्पायर्ड." हे वाक्य मी मनात शंभर वेळा ऐकलेलं, उत्तर पाठ होतं, आणि तरी तोंड कोरडं पडलं. आय-797 पुढे केला, खालच्या आय-94 वर बोट ठेवलं, म्हटलं व्हिसा संपलाय, स्टेटस चालू आहे. आवाज कापत होता माझा. अकरा वर्षं मी या देशात टॅक्स भरतेय आणि आवाज कापत होता. तो कागद घेऊन केबिनमध्ये गेला. तेवढ्यात दुसऱ्याने ताईला जरा लांब नेऊन विचारलं की ही तुझी कोण, आणि मला विचारलं की ती तुझी कोण, आडनावं वेगळी आहेत. मग तो भाचीसमोर गुडघ्यावर बसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हू इज शी?

"मावशी," भाची म्हणाली.

"हर नेम इज मावशी?"

"नो. शी इज माय मावशी."

आता मुलं पळवून नेतात म्हणून विचारत असतील हे मला कळतंय, त्या पट्ट्यात ते विचारायलाच हवं, पण त्या क्षणी माझ्याच भाचीने मला ओळखपरेडीत ओळखावं असं ते चाललेलं. तिच्याही लक्षात आलं की त्याला कळलेलं नाही, मग तिने सावकाश, त्याला शिकवल्यासारखं सांगितलं, मावशी मीन्स माय मॉम्स सिस्टर, काकू इज डिफरंट, आत्या इज डिफरंट, मामी इज डिफरंट. तो म्हणाला ओके ओके, गॉट इट. मला वाटतं त्या बाकड्यावर सर्वात जास्त हक्काने बोलणारी तीच होती. तिला भीती नव्हतीच मुळी. नऊ वर्षांच्या पोरीला जे माहीत असतं की हे माझं आहे, ते मला अकरा वर्षांत आलं नाही आणि ताईला ग्रीन कार्ड हातात असून आलेलं नाही, ती सुद्धा त्या दिवशी "सर" म्हणताना जरा जास्तच वाकत होती.

गाडीत काही निघालं नाही. आमच्या आधी कोण कोण ती भाड्याची गाडी फिरवून गेलंय देव जाणे. कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर, ॲरिझोनात कायदेशीर, न्यू मेक्सिकोत कायदेशीर, पण फेडरल कायद्यात नाही आणि नाका फेडरल. दुकानातून पावती करून घेतलेली वस्तू वीस मैलांवर गुन्हा. सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी काढलेला अहवाल मी आल्यावर वाचला, त्यात या नाक्यांवर ड्रग्ज पकडल्याच्या बहुतेक प्रकरणांत फक्त अमेरिकन नागरिकच सापडले होते आणि त्यातही बराचसा नुसता गांजा. वीसेक मिनिटांनी पासपोर्ट परत मिळाला, "यू आर ऑल सेट." कुणी वाईट बोललं नाही, आवाज चढवला नाही, हे पण लिहिते कारण ते खरं आहे. पुढचे तीस मैल गाडीत कुणी बोललं नाही हेही खरं.

एल पासोच्या पूर्वेला आय-10 वर सिएरा ब्लँका लागतं. हा नाका गाणाऱ्यांमध्ये फार कुप्रसिद्ध, विली नेल्सनची बस 2010 मध्ये इथेच गांजासाठी पकडली, स्नूप डॉग 2012 मध्ये. आम्हाला अर्ध्या मिनिटात सोडलं. आईला विली नेल्सन कोण ते माहीत नाही पण म्हातारा माणूस आहे म्हटल्यावर तिला त्याची फार दया आली.

तिथून बिग बेंड. या पार्काबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे फक्त नदीपुरतं. सँटा एलेना नावाची घळ आहे, दोन्हीकडे 1,500 फूट सरळ कडे, मधून रिओ ग्रांदे. डावीकडचा कडा मेक्सिको, उजवीकडचा अमेरिका, दगड एकच. पाणी नोव्हेंबरात इतकं कमी की आई म्हणाली, "ही? ह्या ओढ्यासाठी एवढे नाके?" दुसऱ्या टोकाला बोकियास म्हणून गाव आहे पलीकडे, तिथे वल्ह्याच्या होडीतून जाता येतं, 2013 साली ती वाट पुन्हा सुरू केली. परत आलं की एका छोट्या इमारतीत मशीनवर पासपोर्ट दाखवायचा आणि लांब कुठेतरी बसलेल्या ऑफिसरशी फोनवर बोलायचं. नियमाने मला एक्स्पायर्ड व्हिसावरही चाललं असतं, मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना तशी सवलत आहे. पण मागच्या त्या बाकड्यानंतर माझी हिंमत नव्हती. काठावर बसून पलीकडची गाढवं बघितली.

तिथे एक प्रकार असतो. पलीकडची माणसं अलीकडच्या दगडांवर तारेचे आणि मण्यांचे विंचू, रंगवलेल्या काठ्या असलं ठेवून जातात, शेजारी पैशांसाठी बरणी. पार्कवाल्यांनी बजावून ठेवलंय की घेऊ नका, तो माल कस्टम्स न करता आलेला, बेकायदा. आईने एक विंचू उचलला. फार सुबक होता, शेपटीला लाल मणी.

"आई, ठेव. पुढे नाका आहे."

तिने ठेवला. मग इकडेतिकडे बघितलं आणि बरणीत पाच डॉलर टाकले. विंचू न घेता. ताई म्हणाली हे कायदेशीर आहे का, मी म्हटलं याच्यावर अजून सुप्रीम कोर्टाचा निकाल नसावा.

पार्कातून उत्तरेला निघालो तेव्हा मॅराथॉनच्या अलीकडे नाका होताच. मॅराथॉन हे गावाचं नाव, भाचीला वाटलं मराठी, ती त्या ऑफिसरला म्हणाली वुई स्पीक दॅट. त्याला काही कळलं नाही, त्याने मान हलवली, आईचा पासपोर्ट बघितला (यावेळी पाउचमधून तीन सेकंदांत निघाला, सराव), माझा मागितलाच नाही.

शेवटच्या दिवशी हायवे 90. डेल रिओ सोडल्यावर मी म्हटलं की आता एकच राहिलाय. आई सकाळपासून काहीतरी पुटपुटत होती, मला वाटलं स्तोत्र. तर ती इंग्रजी पाठ करत होती. म्हणाली प्रत्येक वेळी ताई माझ्या वतीने बोलते, मी काय मुकी आहे का, मला पण सांगता येतं मी कोण ते. भाचीने तिची तयारी करून घेतली होती, दोघींनी मिळून वाक्य बसवलेलं. पाट्या आल्या. वेग कमी करा. ताईने गाणी बंद केली. आईने स्वतःची काच स्वतः खाली केली, पासपोर्ट उघडून फोटोचं पान वर करून मांडीवर धरला.

छताखाली कुणीच नव्हतं. शंकू एका बाजूला सारलेले, केबिनचा दिवा बंद, गाड्या न थांबता चालल्या होत्या. नाका बंद.

"अगं, थांब तरी," आई म्हणाली.

ताईने वेग अजून कमी केला, मागच्याने हॉर्न मारला. आईने त्या रिकाम्या केबिनकडे बघून मोठ्याने सांगून टाकलं, "आय ॲम व्हिजिटिंग माय टू डॉटर्स अँड माय ग्रँडडॉटर. आय विल गो बॅक इन जानेवारी." जानेवारी मराठीतच आलं. भाची म्हणाली, "आजी, जॅन्युअरी." आईने पासपोर्ट पाउचमध्ये घातला, काच वर केली आणि विचारलं सॅन अँटोनिओला पोचेपर्यंत भावोजी जेवून घेतील की आपल्यासाठी थांबतील.